डफावरचा इतिहास : शाहीर अमर शेख

इतिहासाचा तास म्हटला की पुष्कळ मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. सनावळ्या, तह, लढाया आणि राजांची नावे परीक्षेपुरती पाठ करावयाची व पेपर संपला की विसरून जावयाची, हा घरोघरचा अनुभव आहे. आम्ही पालकांनीही आमच्या वेळी याहून निराळे काही केले नाही. पण याच महाराष्ट्रात एक काळ असा होता की, ज्याला आपले नावही लिहिता येत नसे असा शेतकरी सिंहगडाची लढाई क्रमवार, एकही प्रसंग न गाळता सांगू शकत असे. तो काही शाळेत गेला नव्हता. त्याने ती लढाई पोवाड्यात ऐकली होती. पोवाडा हीच त्याची शाळा आणि शाहीर हाच त्याचा मास्तर होता.

अशा मास्तरांपैकी विसाव्या शतकातला एक थोर मास्तर आपल्या समाजात जन्मला, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 20 ऑक्टोबर 1916 रोजी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती हलाखीची होती. आई मुनेरबी यांच्या तोंडी मराठी लोकगीते असत, आणि महबूबचे गाण्याचे पहिले शिक्षण झाले ते आईजवळच. पुढे आयुष्यभर लाखोंच्या कानी पडलेल्या त्या आवाजाचे मूळ एका गरीब मुसलमान मातेच्या घरात होते, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कोवळ्या वयातच त्यांना पोटासाठी कष्ट उपसावे लागले. मोटारीवर क्लीनर म्हणून त्यांनी काम केले, बार्शीच्या गिरणीत कामगार म्हणूनही राबले. गिरणी कामगारांच्या लढ्यात ते पुढे झाले आणि त्यापायी विसापूरच्या तुरुंगात जाऊन पडले. तुरुंगातून बाहेर आले ते साम्यवादी विचार घेऊनच. नंतर काही काळ त्यांनी कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत घालविला. महबूब पटेलचे अमर शेख झाले ते याच सुमारास, आणि त्याच नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला.

मुंबईत 1944 साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, दत्ता गव्हाणकर आणि अमर शेख ही तीन नावे या पथकाशी कायमची जोडली गेली आहेत. अण्णाभाऊ मातंग समाजातले, शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेले. गव्हाणकर सीमाभागातले आणि अमर शेख बार्शीचे मुसलमान. तीन ठिकाणचे हे तिघे एका डफाभोवती उभे राहिले. बंगालचा दुष्काळ, गिरण्यांतील संप, शेतकऱ्यांची कर्जे, असे विषय त्यांनी गाण्यांतून व लोकनाट्यांतून मांडले. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला देशात काय चालले आहे ते अशा प्रयोगांतून कळे.

अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. लाउडस्पीकर नसला तरी सभेच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत तो पोहोचत असे. 1956 ते 1960 या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने जोर धरला, तेव्हा त्यांच्या गाण्यावाचून सभा पुरी होत नसे. ही चळवळ मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे म्हणून होती आणि तिच्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. तिच्या व्यासपीठावर मराठीचा अभिमान गाऊन दाखविणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत एक शेख होता! 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यात या आवाजाचाही वाटा आहे. गोवा मुक्तीच्या लढ्यासाठीही ते गायिले. 1962 साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हाही त्यांचा डफ देशासाठी वाजला. आचार्य अत्रे यांनी तर त्यांना रशियन कवी मायकोव्हस्कीच्या पंक्तीत बसविले.

ते केवळ गायक नव्हते. ‘अमरगीत’, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक प्रसिद्ध आहे. 1961 सालच्या ‘प्रपंच’ या चित्रपटातील त्यांची भूमिकाही जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. त्यांचा विवाह कुसुम जयकर यांच्याशी झाला होता. त्यांची कन्या मलिका अमर शेख या मराठीतील नामवंत कवयित्री होत.

शाळेच्या दृष्टीने विचार करता अमर शेख यांचे पोवाडे अधिक मोलाचे आहेत. छत्रपती शिवाजी महाराज, होळकर आणि हुतात्मा उधमसिंग यांच्यावर त्यांनी पोवाडे रचले. सतराव्या शतकातील राजा आणि जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर लंडनमध्ये ओडवायरला गोळी घालणारा विसाव्या शतकातील तरुण, या दोघांनाही त्यांनी एकाच डफावर आणले.

पोवाड्याने इतिहास इतका पक्का कसा बसतो, हे पाहण्यासारखे आहे. पोवाडा अर्धा गायिला जातो आणि अर्धा सांगितला जातो. आरंभी नमन होते. मग एकेका चौकात एकेक प्रसंग येतो. चौक संपला की शाहीर थांबतो व साध्या बोलीत पुढची हकीकत सांगतो. मागे उभे असलेले झिलकरी महत्त्वाचे शब्द उचलून पुन्हा म्हणतात, म्हणजे उजळणी तिथल्या तिथे होते. डफ, तुणतुणे आणि झांज यांची लय लढाईच्या वेळी चढते आणि दुःखाच्या प्रसंगी उतरते, म्हणून प्रसंगाचा क्रम मनात आपोआप राहतो. चांगला शिक्षक वर्गात जे करतो ते सारे यात आले: लहान भाग पाडणे, समजावणे, वदवून घेणे आणि रस टिकविणे. महात्मा फुले यांनी 1869 साली शिवाजी महाराजांवर लिहिले तेही पोवाड्याच्याच रूपात. अशिक्षितांपर्यंत पोहोचायचे तर हीच वाट, हे त्यांनी जाणले होते.

या परंपरेत मुसलमान परके कधीच नव्हते. पेशवाईच्या अखेरच्या काळातील प्रसिद्ध शाहीर सगनभाऊ हे धर्माने मुसलमान, शिकलगारीचा धंदा करणारे होते. पोवाड्यांतून व बखरींतून जो इतिहास आला आहे, त्यात शिवाजी महाराजांच्या आरमाराचा दौलतखान आहे आणि 1761 साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने तोफखाना लढविणारा इब्राहीमखान गारदीही आहे. आपल्या मुलाला शाळेत कधी कोणी विचारले, की या इतिहासात तुमचे कोण, तर त्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. त्याला उत्तर ठाऊक असले पाहिजे. आणि ते त्याला कंटाळवाण्या धड्यातून नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या गळ्यातून उमगले तर ते जन्मभर टिकेल.

मात्र एक सावधगिरी हवी. शाहीर रंग भरतो, सैन्याचा आकडा वाढवतो, आपल्या नायकाला झुकते माप देतो. म्हणून पोवाडा ऐकल्यावर मुलांनी पाठ्यपुस्तक उघडावे, आणि पोवाड्यात काय आहे व पुस्तकात काय आहे हे ताडून पाहावे. ऐकणे आणि तपासणे ही दोन्ही कामे झाली, तरच तो इतिहासाचा अभ्यास. अमर शेख यांची राजकीय मते सर्वांना पटावीत असेही नाही. त्यांची रीत मात्र कोणत्याही मताच्या शिक्षकाला उचलता येईल.

आम्ही एव्हरशाईन सिटीत राहणारे लोक बहुतेक बाहेरून आलेलो. कोणी मुंबईहून, कोणी कोकणातून, कोणी थेट उत्तर प्रदेशातून. आमच्या मुलांना वसई म्हणजे रेल्वे स्टेशन आणि इमारती एवढेच ठाऊक असते. थोड्याच अंतरावर वसईचा किल्ला उभा आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. जवळच सोपारा हे प्राचीन बंदर आहे. शाळेने मुलांना एकदा किल्ल्यावर न्यावे आणि परत आल्यावर त्यांच्याकडूनच चार चौकांचा पोवाडा रचून घ्यावा. आपल्या समाजात वाद्यांविषयी मते निरनिराळी आहेत. ज्यांना वाद्य नको असेल त्यांनी नुसत्या आवाजावर व टाळीवर म्हणवून घ्यावा, काही बिघडत नाही. नात, हम्द आणि मर्सिया यांच्या द्वारे किती गोष्टी आपल्या स्मरणात राहिल्या आहेत, हे आपण जाणतोच.

1969 हे वर्ष मराठी शाहिरीला फार जड गेले. 18 जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि पुरते दीड महिने लोटण्यापूर्वीच, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. बार्शीच्या गिरणीतल्या कामगाराच्या नावाने विद्यापीठात अभ्यास व्हावा, हा मान थोडा नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, मराठी ही तुमच्यापैकी कित्येकांची घरात बोलण्याची भाषा नसेल. पण ती महबूब पटेलची होती, आणि तिच्यात गाऊन त्याने साऱ्या महाराष्ट्राला आपला इतिहास ऐकविला. यंदाच्या स्नेहसंमेलनात एखादा चौक तुम्ही म्हणा. आम्ही पालक पुढच्या रांगेत बसून ऐकू आणि कदाचित आमचाही राहून गेलेला धडा त्या निमित्ताने पुरा होईल.