तमाशासम्राज्ञी विठाबाई

'तमाशा' हा शब्द तुम्ही उर्दूत ऐकला असेल. मराठीत मात्र ते एका लोकनाट्याचे नाव आहे. त्यात ढोलकीच्या तालावर गाणे व नाच असतो आणि शेवटी 'वग', म्हणजे नाटक होते.

या कलेत विठाबाई नारायणगावकर यांनी मोठे नाव मिळवले. त्यांचा जन्म १९३५ साली विठ्ठलाच्या गावी, पंढरपूर येथे झाला. वडील भाऊ व चुलते बापू यांचा स्वतःचा फड, म्हणजे तमाशा कलावंतांचा संच होता. विठाबाई लहानपणीच फडात नाचू-गाऊ लागल्या.

फडाचे जीवन कष्टाचे. आज या गावी, तर उद्या त्या गावी. एकदा विठाबाई गरोदर असतानाही खेळाला उभ्या राहिल्या. मध्येच त्यांना कळा आल्या. रंगमंचामागे त्यांनी बाळाला जन्म दिला आणि त्या पुन्हा नाचायला आल्या! ते पाहून प्रेक्षकांनीच खेळ थांबवला व त्यांना विश्रांती घ्यायला लावली.

१९६२ च्या युद्धाच्या वेळी त्यांनी जवानांसमोर कला सादर केली. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. पण नुसत्या मानाने घर चालत नाही. म्हातारपणी त्यांना गरिबीत दिवस काढावे लागले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. दवाखान्याचे बिलदेखील लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले.

पुढे २००६ साली महाराष्ट्र शासनाने तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. कलावंताची कदर तो हयात असतानाच व्हायला हवी.