खोक्यावरचे वॅट आणि जेम्स वॅट

बाल्कनीत ऊन येत नाही म्हणून घरातल्या रोपांसाठी एलईडी ग्रो लाइट घेणारे आता बरेच आहेत. स्वस्त दिव्यांच्या खोक्यावर अनेकदा मोठ्या अक्षरांत ‘१००० वॅट’ छापलेले असते आणि दिवा मात्र जेमतेम शंभर-सव्वाशे वॅट वीज घेतो. ज्याच्या आडनावाने हा आकडा छापतात, तो माणूस असल्या आकड्यांबाबत भलताच काटेकोर होता.

जेम्स वॅटचा जन्म १७३६ साली स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदरात झाला. मुलगा नाजूक प्रकृतीचा, डोकेदुखीने बेजार. बरेचसे शिक्षण घरीच झाले. उपकरणे बनवण्याचे काम शिकायला तो लंडनला गेला आणि वर्षभरात प्रकृती बिघडवून परतला. पुढे ग्लासगो विद्यापीठाने त्याला आवारात छोटे वर्कशॉप दिले. तिथे न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनाचे एक मॉडेल दुरुस्तीला आले. त्यात प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा. बरीचशी वाफ त्यातच खर्ची पडे. वैद्यकाचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक हे वॅटचे मित्र. वाफेत दडलेल्या उष्णतेचे गणित त्यांना ठाऊक होते. १७६५ मध्ये वॅटला उपाय सुचला : वाफ थंड करायला वेगळे भांडे ठेवायचे, म्हणजे सिलिंडर गरमच राहील. १७६९ साली पेटंट मिळाले. १७७५ पासून बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन भागीदार झाला.

खरी गंमत त्यांच्या बिलात होती. खाणमालकाचा जितका कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांशाची किंमत ते घेत. मग इंजिनाने नेमके काम किती केले, हे कोण सांगणार? वॅटने फेऱ्या मोजणारे यंत्र इंजिनावर बसवले आणि त्याच्या पेटीला कुलूप घातले.

गिरण्या आणि दारूच्या भट्ट्यांत घोडे चाक फिरवत. तिथल्या मालकांना आपले इंजिन किती घोड्यांचे, एवढेच कळायला हवे होते. १७८३ च्या सुमारास वॅटने अश्वशक्तीचा आकडा पक्का केला : एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे. आजच्या हिशेबात ७४६ वॅट, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन सेकंदाला एक मीटर वर. साधारण घोडा दिवसभर एवढे काम करू शकत नाही. विक्रेत्याने एकक ठरवताना घोड्याला झुकते माप दिले. आज असा विक्रेता विरळाच. पुढे त्याने आणि त्याचा सहकारी जॉन सदर्न याने सिलिंडरमधला दाब कागदावर रेखणारे उपकरण बनवले आणि ते बरीच वर्षे गुपित ठेवले. बाहेरून इंजिन कितीही दणकट दिसो, आत काय चालले आहे ते त्या रेषेत उमटे.

दिव्याच्या खोक्यावरचा आकडा याच्या उलट रीतीने येतो. समजा दिव्यात १०० डायोड आहेत आणि प्रत्येकाची कमाल सहनशक्ती १० वॅट आहे. विक्रेता गुणाकार करून १००० लिहितो. प्रत्यक्षात डायोड लवकर जळू नयेत म्हणून प्रत्येकाला एखादाच वॅट दिलेला असतो. पडताळणी सोपी आहे. फ्रिजसह घरातले सगळे बंद करून फक्त दिवा तासभर लावावा आणि विजेच्या मीटरचे आकडे पाहावेत. एक युनिट वाढले तर दिवा १००० वॅटचा. एक दशांश वाढले तर १०० चा.

पण वॅटवरून दिवा खातो किती, एवढेच कळते; रोपाला किती मिळते ते नाही. लुमेनचाही उपयोग नाही, कारण ते माप माणसाच्या डोळ्याचे आणि डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो. रोपासाठी पाहायचा तो आकडा मायक्रोमोल प्रति ज्यूल : एवढ्या विजेतून ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण निघाले. सध्याचे चांगले दिवे अडीचच्या आसपास असतात. हा आकडा लिहिलेलाच नसेल, तर दिवा न घेतलेला बरा.

दिले किती आणि पोचले किती, यातल्या अंतराने वॅटच्या घरातही घाव घातला. दुसऱ्या पत्नीपासून झालेली मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली; वय अवघे पंधरा. डॉ. थॉमस बेडोज यांचा समज होता की योग्य वायू हुंगवले तर क्षय बरा होईल. मुलगी गेल्यावर वॅटने या कामाला वाहून घेतले. वायू तयार करणारे, मोजून पिशवीत भरणारे उपकरण बनवले, कारखान्यात त्याचे उत्पादन केले, बेडोज यांच्याबरोबर पुस्तक लिहिले. वायूचे माप अचूक होते. फुप्फुस सुधारते की नाही, हे मोजणारी कुलूपबंद पेटी मात्र नव्हती. दिल्या जाणाऱ्या वायूंपैकी एकात कार्बन मोनॉक्साइड होता. तो हुंगून तरुण हम्फ्री डेव्ही मरता मरता वाचला. याच डेव्हीने ब्रिस्टलच्या बेडोज यांच्या संस्थेत नायट्रस ऑक्साइडने वेदना थांबते हे नोंदवले. शस्त्रक्रियेत त्याचा वापर व्हायला आणखी चार दशके लागली.

वॅटचा मुलगा ग्रेगरी डेव्हीचा मित्र. तोही १८०४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी क्षयानेच गेला. बापाने नंतर पंधरा वर्षे काढली. घराच्या माळ्यावरच्या वर्कशॉपमध्ये तो पुतळ्यांच्या नकला उतरवणारे यंत्र जुळवत बसे. १८१९ च्या ऑगस्टमध्ये, ८३ व्या वर्षी तो वारला.

१८८२ च्या मार्चमध्ये बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककाला वॅट हे नाव सुचवले.