कच्चा आहार, गांधीजी आणि शरीराचा कौल

चुलीवर न चढवलेले अन्न हेच माणसाचे खरे अन्न, असे मानणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढत आहे. दूध, तूप, मध असे सारे प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करायचे आणि फळे, पाने, मोड आलेली धान्ये व सुका मेवा कच्च्या स्वरूपात खायचा, हे या आहाराचे सूत्र. मात्र तो प्रत्येकाच्या प्रकृतीस मानवतो काय, हा प्रश्न जुनाच आहे. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने तो आपल्या देहावर तपासून पाहिला. तो माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेले गांधीजी १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मांसाहार न करण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. तेथे हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि वचनापोटी पाळलेला नियम बुद्धीने स्वीकारलेले तत्त्व बनला. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवरही त्यांनी काम केले. आहारविषयक प्रयोगांचा नाद त्यांना लागला तो तेथेच. तो पुढे आयुष्यभर सुटला नाही.

कच्च्या अन्नाचा पहिला प्रयोग त्यांनी १८९३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे केला. गहू, वाटाणे, तांदूळ यांसारखी धान्ये न शिजवता, त्यांच्या जोडीला फळे व सुका मेवा, असा हा आहार होता. दररोज काय खाल्ले व काय वाटले, याच्या नोंदी ते ठेवत. अशक्तपणा, न भागणारी भूक आणि चावून चावून दुखावणारे दात यांमुळे दोन आठवड्यांच्या आतच प्रयोग थांबवावा लागला. त्याचा वृत्तांत १८९४ मध्ये लंडनच्या शाकाहारी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपयश लपवण्याची आवश्यकता त्यांना भासली नाही.

त्याहून मोठी कसोटी होती दुधाची. टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ मध्ये त्यांनी सहकारी हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. ब्रह्मचर्यास दूध बाधक ठरते ही धारणा त्यामागे होती. गाई-म्हशींना अधिक दुधासाठी दिल्या जाणाऱ्या यातनांचे वाचनही कारणीभूत झाले. पुढे तर दूध न घेण्याचे त्यांनी व्रतच केले. फळे व शेंगदाणे यांवर ते राहू लागले. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी दुधाविरुद्ध मत मांडले. ते वाचून अनेकांनी दूध सोडले.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी वणवण करताना शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू हाच त्यांचा मुख्य आहार होता. त्यातच आमांशाने गाठले आणि दुखणे जिवावर बेतले. औषध नको, दूधही नको, असा त्यांचा हट्ट होता. डॉ. केळकर यांच्या बर्फोपचाराने थोडा उतार पडला. हवापालटासाठी ते माथेरानला आले; परंतु तेथील जड पाणी सोसले नाही आणि आठवड्याच्या आत त्यांना खाली उतरावे लागले. मुंबईचे डॉ. दलाल यांनी निदान स्पष्ट केले : दुधाशिवाय हे शरीर पुन्हा भरणार नाही. त्यावर कस्तुरबांनी तोड काढली. व्रत घेताना मनात गाय व म्हैस होती, शेळी नव्हती. १९१९ च्या प्रारंभी गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि प्रकृती सुधारू लागली. व्रताची अक्षरे पाळली गेली, आत्मा मात्र दुखावला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. आत्मकथेत त्यांनी, आपल्या पुस्तकामुळे दूध सोडलेल्यांना, ते सर्व प्रकारे मानवत नसेल तर आग्रह धरू नये, असे बजावले.

तरीही जिज्ञासा शमली नव्हती. १९२९ मध्ये आंध्रच्या दौऱ्यात राजमहेंद्रीचे सुंदरम गोपाळराव यांची भेट झाली. त्यांच्या प्रेरणेने साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या गांधीजींनी मे महिन्यात पुन्हा अग्नीचा संपर्क नसलेला आहार सुरू केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम व कुटलेली हिरवी पाने प्रत्येकी आठ तोळे, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम. सोबत लिंबे आणि मध. आश्रमातील काही जणही त्यात सामील झाले. ‘यंग इंडिया’तून त्यांनी प्रमाणे जाहीर केली आणि जाणकारांचे मत मागवले. ऑगस्टमध्ये आमांशाने पुन्हा उचल खाल्ली. प्रयोग सोडून शेळीच्या दुधाकडे परतावे लागले आणि हा पराभवही त्यांनी वाचकांना कळवला.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान असताना १९४२ मध्ये त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. त्यात दुधाला रोजच्या आहारात स्थान आहे, शिजवलेल्या धान्यालाही आहे आणि कच्च्या भाजीलाही आहे. ती मात्र औंसभर. प्रयोगांतून जे टिकले, तेवढेच त्यांनी ठेवले.

३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी ब-१२ जीवनसत्त्व वेगळे केले. वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. दूध किंवा अन्य प्राणिजन्य पदार्थ नसतील तर ते गोळी अथवा पूरक अन्नातून घ्यावे लागते. यकृतातील त्याचा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे पहिल्या महिन्यांतील हलकेपणा हा आहार मानवल्याचा पुरावा ठरत नाही. शिजवण्याने क जीवनसत्त्व घटते हे खरे. पण कडधान्यांतील काही अपायकारक घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात आणि गाजरातील कॅरोटिन अंगी लागणे सुलभ होते. वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि पचनाचे विकार असलेले यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

वजन, पचन, झोप, कामाचा उत्साह आणि रक्ततपासणी यांवरून आहाराचा निर्णय व्हावा. तत्त्वावर गांधीजींइतकी निष्ठा क्वचितच कोणाची असेल. तथापि, देहाने नकार दिला तेव्हा त्यांनी प्रयोग मोडला आणि तत्त्वासाठी दुसरी वाट शोधत राहिले. ताटातील बदल करू पाहणाऱ्यांनी त्यांच्याकडून घ्यावयाचा धडा हाच आहे.