सूत्रे गावच्या बायकांकडे

भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. मेबल आरोळे यांनी पती डॉ. रजनीकांत यांच्यासह १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरचे डॉक्टर. आधी गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या. बाहेरच्या त्या मुली गावात रुळेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असे ठरले. बहुतेक निरक्षर, अनेक दलित. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला येत, एका पंगतीत जेवत, शेजारी झोपत. औषधांच्या माहितीपेक्षा मला हेच शिक्षण मोठे वाटते. पुढे जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, बाळांची वजने, गरोदर बायकांची तपासणी त्याच पाहू लागल्या. १९७९ मध्ये दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या. नव्या बायकांना शिकवायला जुन्या आरोग्यसेविका होत्याच.