सोनेरी हरिणीचा दिग्दर्शक

‘अति तेथे माती’ ही म्हण मराठी घरांत मुलांच्या कानावर फार लवकर पडते. या म्हणीचा शब्दशः प्रत्यय देणारा एक बालचित्रपट १९५४ मध्ये तयार झाला. पण तो मुंबईत किंवा कोल्हापुरात नव्हे, तर मॉस्कोत. ‘सोनेरी हरिणी’ हे त्याचे नाव. भारतीय लोककथांवर आधारलेल्या या अनुबोधी चलत्‌चित्राचे दिग्दर्शक होते लेव्ह अतामानोव्ह. सोव्हिएत व्यंगपटांच्या सुवर्णकाळाचे ते एक प्रमुख शिल्पकार. त्यांच्या चित्रपटांत हसू आणि हुरहूर एकाच कुंचल्यातून उतरते.

अतामानोव्ह यांचा जन्म १९०५ मध्ये मॉस्कोतील एका आर्मेनियन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव अतामानियन. मॉस्कोच्या राज्य चित्रपट विद्यालयातून १९२६ मध्ये शिक्षण पूर्ण करून ते या व्यवसायात आले, तेव्हा सोव्हिएत व्यंगपट अजून रांगत होता. १९३१ मध्ये व्लादिमीर सुतेयेव्ह यांच्यासमवेत त्यांनी रहदारीचे नियम शिकवणारा एक लघुपट केला. बोलणाऱ्या सोव्हिएत व्यंगपटांपैकी तो अगदी आरंभीचा होय.

त्यानंतर ते पूर्वजांच्या भूमीत, येरेवानला गेले. तेथे त्यांनी १९३८ मध्ये ‘कुत्रा आणि मांजर’ हा आर्मेनियाचा पहिला व्यंगपट पूर्ण केला. होव्हानेस तुमान्यान या आर्मेनियन कवीच्या रचनेवर तो बेतलेला होता. मांजर असते टोप्या शिवणारे. कुत्रा टोपी शिवायला टाकतो आणि मांजर त्याला वायद्यांवर वायदे देत राहते. शिंप्याच्या दुकानात हेलपाटे घातलेल्या कोणालाही ही कथा परकी वाटणार नाही. कुत्र्यामांजराचे वैर तेव्हापासूनचे, असे ती सांगते. आर्मेनियातच १९४१ मध्ये त्यांचा दुसरा लघुपट आला. मध्ये महायुद्धाची वर्षे गेली आणि ‘जादूचा गालिचा’ हा पुढचा चित्रपट यायला १९४८ साल उजाडले.

त्यानंतर अतामानोव्ह मॉस्कोच्या ‘सोयुझमुल्तफिल्म’ या सरकारी चित्रसंस्थेत परतले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेवर तेव्हा डिस्नेच्या शैलीचा मोठा पगडा होता. आधी खऱ्या नटांचे चित्रण करायचे आणि मग त्या प्रतिमांवरून एकेक चित्र गिरवायचे, ही पद्धत तेथे रूढ झाली होती. हालचाली हुबेहूब होत. परंतु चित्रातला जीव हरपण्याचा धोका असे. कल्पनेने रेखाटायचे की वास्तव गिरवायचे, हा त्या पिढीपुढचा खरा प्रश्न होता.

अतामानोव्ह यांनी त्यावर उत्तर शोधले ते दोन तरुण कला-दिग्दर्शकांच्या साथीने. अलेक्सांद्र विनोकुरोव्ह आणि लिओनिद श्वार्त्समान हे ते दोघे. यांपैकी श्वार्त्समान यांनी पुढे मोठ्या कानांच्या, एकाकी चेबुराश्काला रूप दिले. या त्रयीने १९५२ मध्ये ‘लाल फूल’, १९५४ मध्ये ‘सोनेरी हरिणी’ आणि १९५७ मध्ये ‘हिमराणी’ असे तीन चित्रपट केले आणि तिघांनी जगाच्या तीन दिशांच्या कथा रशियन मुलांच्या ओंजळीत टाकल्या.

आपल्या दृष्टीने त्यांतील मधला चित्रपट सर्वांत जवळचा. एक अनाथ मुलगा रानात शिकाऱ्यांच्या तावडीतून हरिणीला वाचवतो. तिच्या खुरांच्या टापांतून सोन्याची नाणी उसळतात, हे लोभी राजाला कळते आणि तो मुलाच्या मागे लागतो. अखेर हरिणी राजाला हवे तेवढे सोने द्यायला तयार होते. अट एकच, पुरे हा शब्द उच्चारला की सोन्याच्या खापऱ्या होतील. नाण्यांचा ढीग वाढत जातो. राजा आनंदाने त्यात लोळतो, मग रुततो, गळ्यापर्यंत गाडला जातो. जीव वाचवायचा तर तो एकच शब्द उरतो, आणि तो उच्चारताच सारे वैभव मातीमोल होते. ‘सोने का पालना’ म्हणून ज्याची ख्याती, त्या जालन्यातील वाचकाला सोन्याच्या मोहाची ही कथा निराळी समजावून सांगायला नको. रामायणातला सोनेरी मृग फसवा होता. ही हरिणी मात्र सत्याची परीक्षा घेणारी आहे. मुलाला तिच्याकडून सोने नको असते, मैत्री हवी असते. त्या एका फरकावर सारी कथा तोलली आहे.

काळाचा योगही पाहण्यासारखा आहे. त्याच १९५४ मध्ये राज कपूर यांच्या ‘आवारा’ने सोव्हिएत प्रेक्षकांना वेड लावले. पुढच्या वर्षी पंडित नेहरू मॉस्कोला गेले, तर ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले. १९५५ मध्येच कान महोत्सवात ‘सोनेरी हरिणी’चा गौरव झाला. इकडे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये व्यंगपट विभाग सुरू केला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स येथील तरुणांना शिकवण्यासाठी आले आणि १९५७ मध्ये जातककथेवरील ‘द बनियन डियर’ हा चित्रपट तयार झाला. त्याचा नायकही हरणांचा राजाच. मॉस्को आणि मुंबई, दोन्हीकडचे चित्रकार काही वर्षांच्या अंतराने भारतीय कथेतील हरणाचाच माग काढत होते.

‘हिमराणी’ने अतामानोव्ह यांना जगभर नेले. अँडरसनच्या कथेतील कायचे काळीज बर्फाच्या काचेने गोठते आणि छोटी गेर्दा त्याच्या शोधात अनवाणी निघते. गेर्दाचा आवाज यानिना झेइमो यांचा, वय तेव्हा पन्नाशीच्या जवळ. हिमराणीची आकृती मात्र अभिनेत्री मारिया बाबानोव्हा यांच्या चित्रणावरून गिरवली गेली. जी पद्धत इतरत्र निर्जीव वाटे, ती येथे शोभून दिसली. कारण राणीला काळीजच नाही. चित्रपटातला सर्वांत हळवा क्षण दरोडेखोर मुलीचा आहे. गेर्दाच्या मायेने हेलावून ती आपले बांधलेले प्राणी मोकळे करते आणि रडू लागते. वाईट पात्रालाही दुःख असते, हे मुलांना दाखवण्याचे धैर्य या चित्रपटात होते.

व्हेनिस महोत्सवात ‘हिमराणी’ पुरस्कृत झाला. १९५९ मध्ये तो अमेरिकेत इंग्रजीत दाखवला गेला. जपानमध्ये आपल्या व्यवसायाबद्दल साशंक झालेल्या तरुण हायाओ मियाझाकी यांनी तो पाहिला आणि याच क्षेत्रात राहण्याचा निश्चय केला. पुढे त्यांनीच जपानी व्यंगपटाला जगन्मान्यता मिळवून दिली.

साठच्या दशकात वारे बदलले. फ्योदोर खित्रुक यांच्या १९६२ च्या ‘एका गुन्ह्याची कथा’ने रेषा साधी आणि धारदार केली. अतामानोव्ह तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. जुन्या यशाच्या सावलीत बसून राहणे त्यांना सोपे होते. परंतु त्यांनी स्वतःला बदलले. १९६९ मधील ‘जहाजावरची नर्तिका’ संवादांविना केवळ नृत्य आणि आल्फ्रेड श्निट्के यांच्या संगीतावर उभी राहिली.

शेवटचे मोठे काम सर्वांत लहान पात्राचे ठरले. ग्रिगोरी ओस्तेर यांच्या कथांवरील ‘वूफ नावाचे मांजराचे पिल्लू’ ही मालिका १९७६ मध्ये सुरू झाली. नाव कुत्र्याच्या भुंकण्याचे, म्हणून वाट्याला येतील त्या अडचणी! अंगणात संकटे वाट पाहत आहेत असे कोणी सांगताच हे पिल्लू घाबरून लपत नाही. ती संकटे कुठे आहेत ते पाहायला खाली उतरते. राजवाडे आणि हिमप्रासाद रेखाटणारा दिग्दर्शक अखेर एका जिन्यावर आणि एका अंगणावर येऊन थांबला होता.

१२ फेब्रुवारी १९८१ रोजी मॉस्कोत अतामानोव्ह यांचे निधन झाले. मालिकेचा अखेरचा भाग १९८२ मध्ये श्वार्त्समान यांनी पूर्ण केला. ज्या देशासाठी हे चित्रपट तयार झाले, तो १९९१ मध्ये नकाशावरून पुसला गेला. त्यामुळे आज ते पाहताना मोठ्यांना वाटणाऱ्या विषादात हरवलेल्या काळाचाही वाटा आहे. परंतु मुलांना त्या इतिहासाशी कर्तव्य नसते. त्यांना दिसते ती बर्फातून चालणारी एकटी मुलगी आणि सोने नाकारणारा मुलगा. मुलांना दुःखापासून दूर ठेवण्यापेक्षा त्यातून हात धरून पलीकडे न्यावे, ही अतामानोव्ह यांची श्रद्धा होती, असे त्यांचे चित्रपट सांगतात. चकचकीत व्यंगपटांच्या आजच्या गर्दीत ते टिकून आहेत, ते या श्रद्धेच्या बळावर.