वकिली सोडून मुलांत रमलेले गिजुभाई

गिजुभाई बधेका मूळचे वकील. जन्म १८८५ चा. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना माँटेसरींच्या पद्धतीशी ओळख झाली आणि वकिली मागेच पडली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, १९२० मध्ये तिथेच बालमंदिर काढलं. पुढे आपल्या ताराबाई मोडकही तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या.

त्यांचं 'दिवास्वप्न' आजही शिक्षक वाचतात. त्यातल्या शिक्षकाला प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मिळतो. मुदत एका वर्षाची, शेवटी परीक्षा आहेच. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ फसतो, पोरं दंगा करतात आणि वर्ग लवकर सोडावा लागतो. (कागदावर छान दिसणारं नियोजन वर्गात कसं कोसळतं, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको!) मग तो गोष्ट सांगू लागतो. गोष्टीतून वाचनाची गोडी, गोष्टीतूनच इतिहास, पुढे नाटक आणि खेळ. विषयांच्या भिंती हळूहळू पडत जातात. अभ्यासक्रम मात्र त्याला टाळता येत नाही, आणि सहकारी शिक्षक शंका घेतच राहतात.

गुजरातेत लोक गिजुभाईंना 'मिशीवाली आई' म्हणत. १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी ते गेले. बालशिक्षणाचं ते काम ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाडला, आदिवासी मुलांपर्यंत नेलं.