डॉक्टर कार्लोस चागास ह्यांचे चरित्र

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात मिनास जेराइस नावाचा प्रांत आहे. तेथील ओलिवेरा गावाजवळ कॉफीच्या एका मळ्यावर ९ जुलै १८७९ रोजी कार्लोस चागास ह्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असतांनाच त्यांचे वडील वारले. मुलाने एंजिनियर व्हावे अशी मातोश्रींची इच्छा होती, परंतु त्यांचा ओढा वैद्यकीकडे होता, व १९०३ साली रिओ शहरी ते डॉक्टर झाले. हिवतापावर त्यांनी पुष्कळ परिश्रम केले व ओस्वाल्डो क्रूझ ह्या थोर वैद्याची मर्जी संपादन केली.

१९०७ साली रेल्वेचा नवा फाटा रानातून चालला होता, तो हिवतापाने अडला. मजूर पटापट आजारी पडत. ह्या कामी चागास ह्यांस लासांस नामक खेड्यात धाडण्यात आले. तेथे आगगाडीचा एक डबा हेच त्यांचे घर, तोच दवाखाना व तीच प्रयोगशाळा होती. हिवतापाखेरीज दुसराही काही रोग ह्या लोकांस आहे, असे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. धडधाकट दिसणाऱ्या तरुणांची नाडी अडखळे, आणि कित्येकांस अकस्मात मृत्यू येई.

१९०८ साली रेल्वेच्या एका एंजिनियराने त्यांस एक मोठा किडा दाखविला. हा ढेकणासारखाच रक्त पिणारा. कुडाच्या मातीने लिंपलेल्या भिंतींच्या भेगांत तो दिवसा लपे व रात्री निजलेल्यांच्या तोंडास डसे; म्हणून लोक त्यास न्हावी म्हणत. चागास ह्यांनी त्याचे पोट तपासले, तो आत सूक्ष्म जंतू वळवळतांना दिसले! काही किडे त्यांनी रिओस क्रूझ ह्यांजकडे पाठविले. ते माकडांस डसविल्यावर माकडांच्या रक्तातही जंतू सापडले. पुढे लासांस येथील एका मांजराच्या रक्तात, आणि १४ एप्रिल १९०९ रोजी दोन वर्षांच्या एका तापकरी मुलीच्या रक्तात ते आढळले. जंतूस त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. जंतू, त्याचा वाहक किडा व त्यापासून होणारा रोग ही तिन्ही एकाच मनुष्याने शोधून काढावी, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात विरळा होय.

परंतु हा किडा घरात आला कोठून? मूळचा तो रानातला. १९१२ साली चागास ह्यांस कवचधारी आर्माडिलो प्राण्याच्या अंगी हाच जंतू सापडला. रानटी जनावरांच्या बिळांत व घरट्यांत किड्यांची वस्ती असे, व त्यांच्यावरच ते पोट भरीत. मनुष्याने शेतीसाठी व लोहमार्गासाठी रान तोडले, जनावरे नाहीशी झाली, आणि भुकेला किडा शेजारच्या झोपडीत शिरला. तेथे त्यास माणसे, कुत्री, कोंबडी असे सर्वच मिळाले. (आपल्या इकडे १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या रानाजवळ उद्भवलेला व २०१६ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात फैलावलेला माकडताप गोचिडांपासून होतो, त्याचाही संबंध रानतोडीशी लावतात.)

एका बाबतीत चागास ह्यांचा तर्क चुकला. जंतू दंशातून शिरतो असे त्यांस वाटे. वास्तविक तो किड्याच्या विष्ठेत असतो, व खाजविल्याने जखमेवाटे आत जातो. गलगंडही ह्याच रोगाने होतो हे त्यांचे मतही टिकले नाही. विरोधकांस एवढे पुरे झाले. १९२२ साली राष्ट्रीय वैद्यक अकादमीत, हा रोग कोठल्याशा एका कोपऱ्यातलाच आहे, अशी त्यांची हेटाळणी झाली. ह्यात मत्सराचा अंश पुष्कळ होता असे आम्हांस वाटते. शिवाय रोगी सारे कुडाच्या घरांतले गरीब, त्यांची दाद घेणार कोण? नोबेल पारितोषिकासाठी चागास ह्यांचे नाव सुचविले गेले होते, पण ते त्यांस मिळाले नाही. ८ नोव्हेंबर १९३४ रोजी ५५ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. पुढे आर्जेंटिनातील साल्वादोर माझ्झा आदि वैद्यांनी शेकडो रोगी शोधून त्यांचे म्हणणे खरे करून दाखविले. आजही सुमारे ६० ते ७० लाख लोकांस हा रोग आहे असा अंदाज आहे.

ती दोन वर्षांची मुलगी मात्र मोठी झाली व चागास ह्यांच्या मागे कित्येक दशके जगली. १९६२ साली तिच्या रक्तातून तोच जंतू पुन्हा वेगळा काढण्यात आला.